जास्तीचं एखादं

शुक्रवारी रात्री भांडी विसळताना
ग्रेटा मागून येऊन विचारते,
आई, तुझ्याकडे जास्तीचं एखादं पाप आहे का?

तिची यादी दोनावर अडलीय.
वर्गातल्या मुलीचं खोडरबर, अजून दप्तरात.
बोरासी काकूंच्या बरणीतली लवंग शेव, न विचारता.
सिस्टर कलिस्ता म्हणाल्यात, मनाचा कोपरान् कोपरा झाडून या.
आठ वर्षांच्या मनाला कोपरे किती असणार,
सगळं अंगणच.

सिस्टर झाबुआच्या, आडनाव डामोर,
हसल्या की मुलं पाठांतर विसरतात.
गेल्या रविवारी सरावाला ओस्त्या दिल्या, साध्या,
अजून नुसतं पीठ असलेल्या.
चावू नका, विरू द्या.
घरी येऊन ग्रेटा म्हणाली, टाळूला चिकटते,
वहीच्या पुठ्ठ्यासारखी लागते.
खरी असेल तेव्हा चव बदलेल?
नाही, मी म्हटलं.
मग मला कळणार कसं?

मी बोट ओलं करून इस्त्री तापलीय का पाहिलं.
फ्रॉक शीतलामाता बाजारातल्या सॅटिनचा,
चार बोटं आत दुमडून शिवलाय,
नाताळपर्यंत ती वाढेल.

तिला सगळं हिंदीत पाठ. प्रणाम मरिया.
माझी नमो मरिया राहात्याहून आलेली, आप्पांच्या तोंडची.
रात्री एकाच माळेवर दोघींची बोटं,
ती पुढे धावते, मी मागे राहते,
आमेनला गाठ पडते.

शनिवारी चार वाजता पापनिवेदन.
पंखे बंद, फादर वर्कींना आवाजात ऐकू येत नाही.
मुलं पडद्याआड जातात
नि शाळा सुटल्यासारखी बाहेर येतात.
ग्रेटा बराच वेळ आत.
आली ती कपाळाला आठी घालून,
तिसरं नव्हतं म्हणून बनवून सांगितलं.
मग बनवून सांगितलं, हेही सांगितलं.
फादर खूप वेळ खोकत राहिले.

मी हसले. मग पाहिलं,
रांग संपली होती, पडदा अजून हलत होता.
चार वर्षं प्रसादाच्या वेळी मी बाकावर बसून
गुडघे आवळून इतरांना वाट दिलीय.
जास्तीचं नव्हतं माझ्याकडे.
एकच होतं.

एमवायचा तिसरा मजला, माझाच वॉर्ड.
आप्पा दोनदा म्हणाले, फादरना बोलाव.
मी त्यांचे श्वास मोजत होते, मला आकडा कळत होता,
तरी म्हटलं, उद्या बोलावू, तुम्ही बरे होताय.
किती जणांना सलाइन लावलं असेल या हातांनी,
आणि कपाळावरच्या त्या थेंबभर तेलाला
मीच घाबरले.
पहाटे साडेतीनला त्यांनी
उद्याची वाट पाहणं सोडलं.

सुरुवात हिंदीत केली. पिताजी म्हटलं
आणि खाटेवर कोणी दुसराच माणूस दिसू लागला.
मग मराठीत.
पडद्यामागून फादर म्हणाले,
मराठी कम समझता हूँ, धीरे बोलिए.
धीरे बोलले. इतक्या धीराने की मलाच पहिल्यांदा
सगळं ऐकू आलं.

प्रायश्चित्ताला कुठली प्रार्थना देतील म्हणून थांबले.
त्यांनी फोन नंबर सांगितला, एकेक आकडा, दोनदा.
वॉर्डात कोणी मागितलं तर. रात्री कितीही वाजता.
मी तळहातावर लिहून घेतला,
औषधाच्या वेळा लिहिते तसा.

रविवारी मिस्सेनंतर आवारात पोहे, जिलेबी,
जिरावणाचा डबा या हातातून त्या हातात.
पांढऱ्या फ्रॉकांवर हळद पडू नये म्हणून आयांची धांदल.
ग्रेटा द्रोण धरून उभी, तोंड घट्ट मिटलेलं.
खा ना, मी म्हणते.
ती मान हलवते, ओठ जेमतेम उघडून,
थांब ना, अजून चिकटलीय.

पोहे गार होतात.
माझेही.